‘चांदीच तर आहे!’

बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यापाशी ब्राह्मी लिपीत कोरलेला एक छोटासा लेख आहे. हे टाके कल्याणच्या सामिदत नावाच्या सुवर्णकाराने दान दिले, एवढाच त्याचा आशय. लेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. कल्याण हे तेव्हाचे नावाजलेले बंदर. लाल समुद्रातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शक पुस्तकात ‘कल्लिएना’ म्हणून त्याचा उल्लेख सापडतो. अशा भरल्या बाजारपेठेतला हा सोनार. त्याने घडवलेला एकही दागिना आज त्याच्या नावाने ओळखता येत नाही. नाव राहिले ते टाक्यामुळे. ज्या कामात त्याचा जन्म गेला, त्या कामावर नाव घालायची रीतच नव्हती.

आजही ती नाही. ठाण्याच्या राम मारुती रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या जुन्या पेठेत आपण चांदीचा एखादा दागिना घेतो, तेव्हा दुकानाचे नाव डबीवर ठसठशीत असते, शुद्धतेचा आकडा दागिन्यावर असतो आणि वजन पावतीवर असते. तो कोणाच्या हातून उतरला हे कुठेच नसते. आपणही विचारत नाही. विचारतो ते एकच. ‘ग्रॅमला काय भाव लावलात?’ आणि दुकानदाराने घडणावळीचा आकडा सांगितला की आपल्या तोंडून एक ठरलेले वाक्य निघते. ‘एवढी मजुरी? चांदीच तर आहे!’

या एका वाक्याविषयी मला आज थोडे बोलायचे आहे.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच वर्षे सोनेतारण कर्जाच्या टेबलापाशी गेली. कर्ज मागायला आलेली बाई रुमालाची गाठ सोडायची. आतून पाटल्या, गोठ, एखादी नथ, एखादा राणीहार निघायचा. बँकेच्या यादीवरचे सोनार कसोटीच्या दगडावर दागिना घासायचे, तेजाबाचा थेंब टाकायचे आणि मग तराजू. आधी ढोबळ वजन लिहायचे. त्यातून खडे वजा, मोती वजा, आतली लाख वजा. उरले ते निव्वळ वजन, आणि त्यावर कर्ज. नथीसारख्या दागिन्याची तर या हिशेबात पार दैना व्हायची. मोती आणि खडे काढले की नथीत उरते काय? सोन्याची एक तार. त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटायचे ते कोणत्याही रकान्यात लिहिण्याची सोय नव्हती.

यात बँकेचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. कर्ज बुडाले तर बँकेला तो दागिना विकावा लागतो, आणि विकताना हाती येते ती धातूचीच किंमत. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जांसाठी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले. त्यांत चांदीच्या दागिन्यांनाही स्पष्ट जागा मिळाली. एका कर्जदाराला दहा किलोपर्यंत चांदीचे दागिने तारण ठेवता येतील, असे ठरले. गरिबाघरची पुंजी बहुधा चांदीतच असते, तेव्हा हे चांगलेच झाले. मात्र मूल्य ठरवायचे ते आतल्या सोन्याचे किंवा चांदीचे. खडे किंवा इतर कशाचीही किंमत त्यात धरायची नाही, हेही त्यात स्वच्छ सांगितले आहे. बँकेच्या दृष्टीने ते रास्तच आहे. बँक दागिन्याची किंमत धरते ती तो वितळवला जाईल त्या दिवसाची.

माझी तक्रार बँकेच्या तराजूविषयी नाही. तो तराजू आपण घरात आणून ठेवला आहे, याविषयी आहे. आपल्याला दागिना वितळवायचा नसतो, घालायचा असतो. तरीही विकत घेतानाच आपण तो मोडायला निघाल्यासारखा हिशेब मांडतो. आपली भाषाच पाहा. दागिना ‘मोडणे’, ‘मोड’ देणे, त्यावर ‘घट’ धरणे. या हिशेबात घडणावळ म्हणजे वाया गेलेला पैसा. ‘मजुरी बुडाली’ असे आपण म्हणतो. ज्या दिवशी ती दिली त्याच दिवशी एका माणसाने आपले काम चोख करून दिलेले असते, मग ती बुडाली कशी? घर रंगवून घेतल्यावर रंगाऱ्याची मजुरी बुडाली असे कोणी म्हणत नाही.

चांदीच्या वाट्याला तर ही उपेक्षा दुप्पट आली. सोने लक्ष्मीचे रूप म्हणून ते पायात घालायचे नाही, पायात चांदी. जोडवी, मासोळ्या, विरोद्या, पैंजण, तोडे हे सगळे चांदीचे. बारशाला वाळे आणि वाटी-चमचा, बाळाच्या कमरेला करगोटा, देव्हाऱ्यात टाक, गणपतीपुढे दूर्वांची जुडी. जन्मापासून लग्नापर्यंत आणि नवसापासून पूजेपर्यंत चांदीवाचून आपले अडते, पण मान मात्र सोन्याला. त्यामुळे चांदीच्या कामाला हात लागतो तो हलक्या धातूचा हलका हात, असा समज रुजला.

वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारा धातू कोणता, तर चांदी. आपल्या रोजच्या तांब्याच्याही ती पुढे. आता कारागिराच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. सोन्याच्या दागिन्यात एखाद्या सांध्याला डाख द्यायचा तर त्या सांध्यापुरती ज्योत धरून पुष्कळदा काम भागते. चांदीत एका जागी दिलेली उष्णता क्षणात सगळीकडे पसरते. म्हणून अख्खा दागिना तापवावा लागतो आणि मग नेमक्या जागी डाख पाघळवावा लागतो. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. दागिन्याच्या चांदीत बळकटीसाठी तांबे मिसळलेले असते, ती त्याच्याही आधी वितळू लागते. डाख पाघळण्याची घटका आणि दागिनाच बसण्याची घटका यांत काही श्वासांचे अंतर. त्यात दुसरा सांधा जोडताना पहिला सुटण्याची भीती. म्हणून कारागीर पहिल्या सांध्याला उशिरा पाघळणारा डाख वापरतो, पुढच्याला त्याहून लवकर पाघळणारा. घरी दूध उतू जाण्याआधीचा क्षण ओळखणाऱ्या बाईला हे कौशल्य समजावून सांगावे लागणार नाही.

हे सगळे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. डोंबिवली पूर्वेला आमच्या ओळखीच्या एक बाई राहतात. वय चाळिशीतले. एका कंपनीत हिशेबाचे काम करत होत्या. ते सुटल्यावर मुंबईत शिकवणी लावून चांदीचे दागिने हाताने घडवायला शिकल्या. घराच्या बंद केलेल्या गॅलरीत त्यांचे टेबल आहे. त्यावर हातोडी, कानशी, चिमटे, लहानशी ऐरण, तार ओढायची जंत्री आणि गॅसची छोटी ज्योत. सोसायटीत सुरुवातीला त्या ज्योतीवरून कुजबूज झाली, मग सवय झाली. निवृत्त बँकवाल्याकडे लोक अर्ज भरून घ्यायला येतात, तशा त्या माझ्याकडे आल्या. ‘काका, कर्जाच्या कागदांत धंद्याची माहिती कशी लिहायची ते सांगा,’ म्हणाल्या. माहिती लिहायची तर काम पाहायला हवे, म्हणून मी काही दुपारी तिथे बसलो.

त्या दिवसांत त्या एक अंगठी करत होत्या. तिच्यावर तामड्याचे, म्हणजे गार्नेटचे, सहा खडे. प्रत्येक खडा दीड मिलिमीटरचा. आपण ‘कॅरट’ म्हणतो ते वजन २०० मिलिग्रॅमचे. दीड मिलिमीटरचा पैलू पाडलेला गोल खडा भरतो सुमारे तीन मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याच्या वजनात असे सात-आठ खडे बसावेत. तो चिमट्याने धरला तर टुणकन उडतो आणि मग फरशीच्या फटीत शोधत बसा. म्हणून त्या काडीच्या टोकाला मेण लावून त्याला उचलतात.

अशा खड्याला बसायला घर करायचे, ते कोंदण. हा शब्द आपण लेखक मंडळी उपमेत इतका वापरतो की तो प्रत्यक्षात कसा होतो हे विसरून गेलो आहोत. शुद्ध चांदीची कागदासारखी पातळ पट्टी घ्यायची. शुद्धच का, तर ती मऊ असते, खड्यावर वळवता येते. खड्याच्या घेराएवढे तिचे कडे करायचे. केसभर मोठे झाले तर खडा आत खुळखुळतो, केसभर लहान झाले तर बसतच नाही. सांध्याला सवागी लावून डाख द्यायचा. मग ती सहाही कडी अंगठीवर जोडायची, तीही पहिले सांधे न सुटता. ज्योतीने काळवंडलेला दागिना तुरटीच्या गरम पाण्यात घालून साफ करायचा. बहुतेक खड्यांना आच सोसत नाही, म्हणून ज्योतीचे सगळे काम संपल्यावरच खडा हातात घ्यायचा. कड्याच्या आत त्याला टेकायला खाच असते, तिच्यावर तो अगदी सपाट बसला पाहिजे. मग डोळ्याला भिंग लावून पोलादी सळईने कोंदणाचा काठ खड्यावर रेटायचा. एका बाजूने रेटत गेले तर खडा तिरका होतो. म्हणून आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग आडव्या दोन, मग मधल्या. शेवटी काठ घोटून असा मिटवायचा की कुठून सुरू झाला आणि कुठे संपला हे कळू नये. हात सटकला की खड्याची कड टवकते. मग तो काढा आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सहा वेळा.

त्या अंगठीला सहा तास लागले. आता बाजारी हिशेब मांडू. आकडे सोपे धरतो. अंगठीत सहा ग्रॅम चांदी. ग्रॅमला दीडशे रुपये धरले तर नऊशे. खडे चाळीस रुपयांना एक, म्हणजे दोनशे चाळीस. झाले अकराशे चाळीस. पाहायला आलेल्या बाईंनी अंगठी बोटात घातली, आरशात हात पाहिला, मनापासून कौतुक केले आणि म्हणाल्या, ‘तेराशेला द्या. चांदीच तर आहे!’ म्हणजे सहा तासांचे एकशे साठ रुपये. त्यातून गॅस, घासकागद आणि टवकलेला खडा वजा. नळ दुरुस्त करणारा माणूस घरी येऊन नुसता नळ पाहून गेला तरी याहून जास्त घेतो, आणि आपण मुकाट्याने देतो. नळवाल्याचे काम आपल्याला करता येत नाही हे आपण मान्य केले आहे. सोनाराच्या कामाविषयी मात्र आपण मनात कुठेतरी धरून चाललो आहोत की दागिना चांदीतून आपोआप उगवतो.

या अविश्वासाला कारणे आहेत, हे मी नाकारत नाही. चांदी म्हणून भलतेच गळ्यात मारल्याचे अनुभव घराघरांत आहेत. ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा कणही नसतो. सोनार सख्ख्या बहिणीच्या सोन्यातूनही कण काढतो, असे म्हणत आपण मोठे झालो. दुसरे असे की घडणावळीच्या नावाखाली दुकाने काय लावतात, त्यालाही पुष्कळदा ताळतंत्र नसते. सोन्यात तर ती टक्क्यांनी लावतात. २०१८ च्या सुमारास सोने दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आसपास होते, तेव्हा बारा टक्क्यांनी दहा ग्रॅमच्या साखळीची घडणावळ तीन हजार सहाशे झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव सव्वा लाखाच्या आसपास पोचला, तेव्हा त्याच साखळीची पंधरा हजार. साखळी तीच, कड्या तेवढ्याच, वेळ तेवढाच. कारागिराची मजुरी चौपट झाली का? माझ्या पाहण्यातल्या एकाचीही नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने घडणावळीवर प्रश्न विचारू नयेत, असे माझे म्हणणे नाही. उलट, जास्त विचारावेत. फक्त प्रश्न ‘कमी किती कराल’ हा नसावा. ‘यातले करणाऱ्याला किती जाते’ हा असावा.

वजनावर मजुरी मोजण्याची रीत सगळ्या चांदीच्या धंद्यात मुरलेली आहे. आपल्या दुकानांत लटकणाऱ्या पैंजणांपैकी कितीतरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीहून येतात. चांदीचे गाव म्हणूनच त्याची ख्याती आहे. तिथे काम घराघरांत वाटलेले असते. कुणी चांदी आटवतो, कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडते, कुणी घुंगरू बसवते, कुणी चकाकी आणतो. बायकांचे हात यात मोठ्या संख्येने असतात. घाऊक व्यापारात या मजुरीची बोली किलोवर होते. नाजूक कामाला दर चढा मिळतो हे खरे, पण माप वजनाचेच. काम जितके बारीक तितके तराजूत हलके. तेव्हा मेहनत वाढते आणि माप घटते. लेखकाला कादंबरीचे पैसे रद्दीच्या वजनावर मिळाले असते तर मी माझ्या कादंबऱ्या नक्कीच जाडजूड लिहिल्या असत्या!

ही कला मराठी घरांतून का ओसरली, याचा एक धागा इतिहासात आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. आपल्या बायकांना चौदा कॅरटचे सोने सोनेच वाटेना. देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. काहींनी जीव दिले. पुढे ती अट सैल झाली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा उठायला १९९० साल उजाडले. माझ्याबरोबर नोकरीला लागलेला एक सहकारी सोनाराच्या घरातला होता. नाणे टेबलावर आपटून आवाजावरून खोटे ओळखायचा. त्याच्या वडिलांनी त्या काळात पेढी बंद करून ठाण्यातल्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि मुलाला हातोडीला हातही लावू दिला नाही. ‘हिशेबच करायचे तर बँकेत बसून कर,’ म्हणाले. सोनाराचा हात असा एका पिढीत कारकुनाचा झाला. झवेरी बाजारात आणि मुंबईच्या परिसरात आज बारीक काम करणारे जे कारागीर दिसतात, त्यांतले कितीतरी पश्चिम बंगालमधून आलेले आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण, तिथेच काम आणि तिथेच झोप. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतले पुष्कळ जण गावी परतले, तेव्हा कुठे आपल्याला कळले की दुकानाच्या काचेमागे माणसे होती.

पेठेत पूर्वी झारेकरी असत. सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीतली राख आणि पेठेतली धूळ धुऊन ते त्यातून सोन्या-चांदीचे कण वेचत. या धंद्यात धुळीलाही भाव होता आणि आहे. भाव नाही तो हाताला.

डोंबिवलीच्या त्या बाईंचा अर्ज पुढे एका बँकेत गेला. तिथल्या अधिकाऱ्याने तयार मालाची किंमत विचारली. माल भरला सातशे ग्रॅम. चांदीच्या भावाने त्याची किंमत लावली गेली आणि एवढ्या तुटपुंज्या मालावर मागितलेले कर्ज बसत नाही, असे उत्तर आले. त्या सातशे ग्रॅममागे त्यांचे आठ महिने होते. सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सोनारही आहे. पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्यात दोन लाख रुपये पाच टक्के व्याजाने, विनातारण. शिवाय प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार. योजना चांगली आहे. पण तिची भाषा कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसायाची आहे. या बाईंच्या सासरी-माहेरी कोणी सोनार नव्हते. मला वाटते, आता या योजनांनी घराणे पाहण्याऐवजी हात पाहावा. शहरांतल्या गॅलऱ्यांत, विशेषतः बायकांच्या, अशी कितीतरी टेबले मांडली जात आहेत. आणि बँकेतल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणे एवढेच की सोनेतारणाचा तराजू सोनेतारणाच्या टेबलावरच ठेवा. धंद्याला कर्ज देताना हातातल्या मागण्या पाहा, वर्षभराची उलाढाल पाहा, गिऱ्हाईक परत येते का ते पाहा. शिंप्याला कर्ज देताना आपण त्याच्याकडचा दोरा तोलतो का?

शुद्धतेचा प्रश्न आता पुष्कळसा सुटण्यासारखा आहे. सोन्यावर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीसाठी तो ऐच्छिक ठेवला गेला, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षरी वेगळा क्रमांक मिळू लागला. ‘९२५’ असे कोरलेले असेल तर हजार भागांत ९२५ भाग चांदी. चांदीची बाजू अशी पक्की झाली. हाताचे काय? इंग्लंडमध्ये १३६३ मध्येच कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनाराला स्वतःची खूण उमटवायला लावली होती. आपल्याकडे भुजच्या ओमरसी मावजी या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या चांदीच्या कामावर आपली आद्याक्षरे आणि ‘भुज’ असा ठसा उमटवला. आज जगभरचे संग्राहक तो ठसा शोधतात, आणि त्या कामाला नुसत्या चांदीहून किती तरी पट मोल देतात. ओरिसातल्या कटकच्या चांदीच्या तारकामाला, तिथल्या ‘रूपा तारकासी’ला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काम ओळखू आले की त्याला किंमत येते.

तेव्हा आपण काय करावे? माझी मागणी साधी आहे. पावतीवर तीन ओळी वेगळ्या मागा: चांदी किती, खडे किती, घडणावळ किती. चांदीच्या ओळीवर हवी तेवढी घासाघीस करा, तिथे भाव जगजाहीर आहे. खड्यांची खात्री करून घ्या. घडणावळीच्या ओळीवर मात्र आधी काम पाहा आणि मग बोला. काम पाहायला भिंग लागत नाही. खड्याच्या काठावरून बोट फिरवा, कुठे टोचता कामा नये. कापसाचा पुंजका फिरवा, धागा अडकला तर काठ नीट मिटलेला नाही. मागच्या बाजूने पाहा, खडा नुसता चिकटवलेला असेल तर गोंद पिवळट दिसू लागतो. चिकटवलेला खडा वाईट असे नाही, पण त्याला कोंदणाची मजुरी देऊ नका.

आणि घेतलेला दागिना जपा. आपल्या घरांत चांदी घासायला चिंच आणि रांगोळी. भांड्यांना ते ठीक, खड्यांच्या दागिन्याला नाही. मोती आंबटाने विरघळतो, पिरोजा रंग सोडतो. आपल्या भागातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात. त्याहून मऊ खडा नुसता कोरड्या फडक्याने पुसला तरी त्यावर ओरखडे येतात. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. काठ सैल झाला तर ज्याने केला त्याच्याकडे न्या. दुरुस्तीला येणारे गिऱ्हाईक कारागिराला नव्या गिऱ्हाइकापेक्षा मोठे वाटते.

संत नरहरी सोनारांची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. विठ्ठलासाठी कमरपट्टा करायचा होता. नरहरी शैव, विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही हा त्यांचा बाणा. म्हणून त्यांनी दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम केले. पट्टा एकदा तोकडा झाला, एकदा मोठा. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले आणि स्वतःच्या हातांनी माप घ्यायला लागले. कीर्तनकार या कथेतून हरिहरांचे ऐक्य सांगतात, ते योग्यच. मला तिच्यात सोनारकीचीही एक गोष्ट दिसते. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर दागिना बसत नाही, त्याला हात लागतो. देवालाही तो चुकला नाही.

डोंबिवलीच्या बाईंनी आता तीन ओळींची पावती द्यायला सुरुवात केली आहे. खाली ‘घडवणार’ म्हणून स्वतःचे नाव. कर्ज अजून मिळालेले नाही. दुसऱ्या बँकेत कागद दिले आहेत, यावेळी मालाच्या वजनाऐवजी मागण्यांची वही जोडून. पहिल्याच महिन्यात तिसरी ओळ वाचून दोन गिऱ्हाइके परत गेली. एका आजींनी मात्र नातीसाठी कानातले घेतले, पावती दोनदा वाचली आणि ती डबीतच घडी करून ठेवून द्यायला सांगितली. म्हणाल्या, ‘पोरीला पुढे कळायला हवं, कुणी केलंय ते.’